पानं हिरवीच होती

सोमवारी सकाळी तिनं झाडांच्या खोलीचं जाड दार ओढलं आणि आतून गरम हवेचा लोट तोंडावर आला. चष्मा धुरकट झाला. क्षणभर तिला वाटलं, आपण चुकून भलतंच दार उघडलं, तळमजल्यावरच्या बॉयलरचं वगैरे. पण वास ओळखीचा होता. ओली माती, तापलेलं प्लास्टिक, आणि त्याखाली एक शिजल्यासारखा हिरवट वास, जो या खोलीत कधीच येत नसे. ही खोली म्हणजे एखाद्या कपाटाची थोरली बहीण. खिडकी नाही, छतभर दिवे, भिंतीतून थंड हवा आणि फळ्यांवर ओळीनं मांडलेल्या कुंड्या. इथे दिवस केव्हा उजाडायचा आणि केव्हा मावळायचा हे कोपऱ्यातलं एक छोटं यंत्र ठरवायचं. दिवे लखलखत होते. थंड हवेची घरघर मात्र बंद होती. ती घरघर ऐकणं तिच्या कानांनी कितीतरी वर्षांपूर्वी सोडून दिलं होतं, आणि आता ती नाही म्हटल्यावर कानांना दडे बसल्यासारखं झालं. तिनं चष्मा कोटाच्या टोकाला पुसला आणि झाडांकडे पाहिलं. कुंड्या पाण्याच्या तबकांत होत्या, त्यामुळे झाडांनी माना टाकल्या नव्हत्या. पानं ताठ होती. पानं हिरवीच होती. कुणा पाहुण्याला आणून दाखवलं असतं तर तो म्हणाला असता, वा, काय छान जोपासलीत. तिला भीती वाटली ती नेमकी त्या हिरवेपणाची.

मागून तिची विद्यार्थिनी आली. पीएचडीचं शेवटचं वर्ष. सतत शेंगदाणे नाहीतर फुटाणे कुरतडत काम करते म्हणून सगळी प्रयोगशाळा तिला खार म्हणायची, आणि आता तीसुद्धा फोन उचलून 'खार बोलतेय' असं सांगायची. खोलीतली झाडं तिची होती. बी पेरण्यापासून सगळं तिनं केलं होतं. "एवढं गरम कसं काय?" असं म्हणत ती आत शिरली आणि तिनं फळीवरच्या तापमापकाचा आकडा वाचला. मग वाकून एकेक पान बोटांनी चाचपत म्हणाली, "पण बरी दिसतायत, मॅडम. हिरवी आहेत."

"मोज," ती म्हणाली.

खारीनं मोजायचं यंत्र ओढत आणलं, त्याचा चिमटा एका पानाला लावला. चिमट्याच्या काचेत पानाचा रुपयाएवढा तुकडा अडकतो, त्यावर हवा फिरते, आणि पान हवेतून कार्बन डायऑक्साइड किती ओढून घेतं ते पडद्यावर उमटतं. चांगलं पान दिव्याखाली आलं की आकडा भराभरा चढत जातो. हा शून्यापाशी घुटमळला. मग शून्याच्या खाली गेला. पान काही घेत नव्हतं, उलट जवळचं थोडंथोडं सोडत होतं. खारीनं दुसरं पान घेतलं, तिसरं घेतलं, दुसऱ्या फळीवरचं घेतलं. तिच्या कपाळावर घाम आला होता आणि तो ती पुसत नव्हती. "यंत्र बिघडलं असेल," ती म्हणाली. यंत्र बिघडलेलं नाही हे दोघींना ठाऊक होतं.

हिरवेपणा म्हणजे काय, हे ती पहिल्या वर्षाच्या मुलांना दर वर्षी एकाच पद्धतीनं सांगायची. हिरवा रंग ही नुसती उजेड पकडायची जाळी. जाळ्यात मासळी आली म्हणजे चूल पेटली असं होत नाही. पकडलेल्या उजेडातून साखर करायची तर एन्झाइमं लागतात, एकामागून एक, हातात हात दिल्यासारखी, आणि त्यातलं जे सगळ्यांत मोठं, रुबिस्को, तेच सगळ्यांत मंद. सेकंदाला जेमतेम तीन घास, त्यातही तीन-चारांतला एखादा घास चुकीचा, कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजनचा. तो चुकीचा घास निस्तरण्यात झाडाची कमाई वाया जाते. शिवाय याच्या खोबणीत कधीकधी एखादी साखर अडकून बसते आणि काम थांबतं. मग दुसरं एक एन्झाइम येऊन ती उपटून काढतं. हे दुसरं फार नाजूक. उकाडा वाढला की सगळ्यांत आधी ते आडवं होतं, आणि ते आडवं झालं की मोठं बसून राहतं, आणि ते बसलं की साखर नाही, वाढ नाही, मूळ नाही, दाणा नाही. खारीच्या झाडांमध्ये हे नाजूक एन्झाइम जरा दणकट करून घातलं होतं. चार-पाच अंश जास्त सोसावं इतकीच अपेक्षा. या खोलीत शनिवार-रविवार जे तापलं त्यापुढे दणकट आणि नाजूक यांना एकच न्याय होता.

मुलांना हे सांगताना ती फळ्यावर एक चित्र काढायची, आणि ते चित्र मुळात तिचं नव्हतं. ते त्याचं होतं, नवऱ्याचं. तो एका इमारती बांधणाऱ्या कचेरीत नकाशे काढायचा. ती प्रबंध लिहीत होती तेव्हा पानाच्या आडव्या छेदाच्या आकृत्या कुणीतरी नीट काढून द्यायला हव्या होत्या, आणि मैत्रिणीच्या भावाचा मित्र म्हणून तो आला, हातात शाईच्या पेनांची पेटी घेऊन. पेशी त्यानं घरांसारख्या काढल्या. भिंती दुहेरी रेघेनं, दारं मोकळी सोडून. "इथे कोण राहतं?" त्यानं विचारलं. तिनं रुबिस्कोचं सांगितलं तेव्हा त्यानं कोऱ्या कागदावर एक जाडा कारकून काढला, खिडकीमागे बसलेला, पुढे ही भली मोठी रांग, आणि कारकून एकेकाचा कागद उलटासुलटा करून बघतोय. "हा एवढा ढिला आहे आणि तुमची सगळी दुनिया याच्यावर चाललीय?" तो म्हणाला. ती इतकी हसली की तिला उचकी लागली. शाळेच्या पुस्तकात एन्झाइमला विकर म्हणतात हे कळल्यावर तो म्हणाला होता, "विकर आणि विकार. एका कान्याचा फरक. प्रबंधात जपून लिहा, बाई." पुढे लग्न झालं, अहो-जाहो गळून पडलं, मूल झालं नाही, त्याचं दुःख दोघांनी आपापल्या वेळी करून संपवलं, आणि तो तिला लाडानं पानवाली म्हणत राहिला. हे पानवाली केव्हा थांबलं? चिमट्याच्या काचेकडे बघता बघता तिला हे आठवायचा प्रयत्न करावासा वाटला, आणि आठवेना. शब्द काही मरत नाहीत, कुणी तरी ते वापरायचं सोडतं, आणि सोडल्याचा आवाज होत नाही.

"पूर्ण उजेडात ठेवू का त्यांना?" खारीनं विचारलं. थंड हवा दुरुस्त करायला माणूस येऊन गेला होता आणि घरघर पुन्हा सुरू झाली होती. "दोन दिवस नीट उजेड मिळाला तर उभारी धरतील."

"नको. दिवे कमी कर. जाळी अजून उजेड पकडतेय आणि आत तो घ्यायला कुणी नाही. साचलेला उजेड पानालाच जाळतो. सावलीत ठेव आणि वाट बघ."

"किती वाट?"

ती दिव्यांच्या यंत्राकडे वळली. खारीचं पुढचं ठरलं होतं, दुसऱ्या शहरातल्या संस्थेत जागा, प्रबंध देऊन रुजू व्हायचं. शेंगा नुकत्या धरत होत्या. उकाड्यानं परागच मेले असतील तर बी धरणार नाही, आणि मागच्या पिढीचं शीतकपाटातलं बी काढून पेरायचं म्हणजे सगळं पहिल्यापासून. ती संस्था थांबणार नव्हती. खारीला हे तिच्याइतकंच कळत होतं. तिनं खिशातून शेंगदाणे काढले, हातात धरून ठेवले आणि परत खिशात टाकले.

दुपारी ती फाटकावरच्या चौकीत गेली. खोली तापली की तिथे भोंगा वाजतो आणि वॉचमननं दारावर लिहिलेल्या दोन नंबरांवर फोन करायचा, असा नियम होता. भोंगा वाजलाच नाही, की वॉचमन झोपला होता, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. कुणावर तरी ओरडायची तिनं मनाशी तयारीही केली होती. वॉचमन वयस्क, शिस्तीचा माणूस. तिला पाहून उठून उभा राहिला.

"झालं का मॅडम दुरुस्त? शनिवारीच याल वाटलं होतं तुम्ही."

"शनिवारी?"

"भोंगा वाजला ना. जेवणं झाल्यावर. तुमचा मोबाइल बंद होता, म्हणून घरच्या नंबरावर लावला. साहेबांनी घेतला." तिच्या चेहऱ्याकडे बघून तो जरा सावध झाला. "मी सगळं सांगितलं त्यांना. म्हटलं, झाडांची खोली तापलीय, मॅडमना लगेच कळवा. साहेब म्हणाले, बरं, सांगतो. अगदी व्यवस्थित बोलले. आभार पण मानले. मग मी भोंगा बंद केला."

"बरोबर आहे," ती म्हणाली. "माझ्याच लक्षात राहिलं नाही."

हे खोटं तिच्या तोंडून इतक्या सहज गेलं की चौकीतून परत येताना तिला स्वतःचंच नवल वाटलं. शनिवारी मोबाइल बंद ठेवायचा हे तिनं नवऱ्यासाठीच ठरवलं होतं. एकदा तो म्हणाला होता, "शनिवारी तरी घरी ये." ती घरीच होती तेव्हा, समोर बसून कुणाच्या तरी प्रयोगाचा निकाल फोनवर वाचत होती. तेव्हापासून शनिवारी फोन बंद, घर आवरणं, दोघांनी मिळून जेवणं. जेवणं झाल्यावर. म्हणजे ती स्वयंपाकघरात भांडी लावत होती. फोनची घंटा ऐकल्याचंही तिला अंधूक आठवलं. नंतर तिनं बाहेर येऊन विचारलं होतं, कुणाचा होता? की नव्हतं विचारलं? विचारलं असतं तर? जिना चढताना एका मजल्यावर ती थांबली आणि खिडकीतून खालच्या गाड्यांकडे बघत राहिली. त्यानं हे मुद्दाम केलं असेल, असा एक विचार आला. तो आला आणि तिथेच बसला. इतकी वर्षं मी झाडांपाशी राहिले म्हणून? तो असा माणूस नाही. पण तो कसा माणूस आहे हे आता, आज, या क्षणी सांग म्हटलं तर तिला सांगता आलं नसतं. तो असतो. सकाळी असतो, संध्याकाळी असतो. कचेरी सोडल्यापासून गॅलरीजवळच्या खुर्चीत असतो. कचेरीत संगणक आले, शाईच्या पेनांची पेटी घरी आली, त्यानं संगणकही शिकून घेतला, मग एक दिवस म्हणाला, पुरे झालं. ती म्हणाली होती, चांगलं केलंस, आराम कर जरा. तेव्हापासून तो आराम करत होता. ती रोज सकाळी पडदे सर्रकन ओढून म्हणायची, ऊठ, बघ बाहेर काय छान ऊन आहे. त्याला फिरायला पाठवायची, मित्रांना जेवायला बोलवायची. तो फिरून यायचा. मित्रांशी हसायचा. वेळच्या वेळी जेवायचा, दाढी करायचा. हिरवा होता.

ही तुलना डोक्यात आल्याबरोबर तिला स्वतःचा राग आला. सेमिनारमध्ये पोरं असल्या उपमा द्यायला लागली की ती त्यांना खाली बसवायची. पान म्हणजे पान, माणूस म्हणजे माणूस.

तरीही ती त्या संध्याकाळी लवकर घरी गेली आणि आत शिरल्याबरोबर तिनं पहिली गोष्ट केली ती म्हणजे गॅलरीचा पडदा ओढून घेतला. तो खुर्चीत होता. उन्हाची तिरीप त्याच्या गुडघ्यांवर पडली होती ती नाहीशी झाली.

"राहू दे ना उघडा," तो म्हणाला. "अंधारात मला किती वाजले ते कळत नाही."

तिनं पडदा पुन्हा सरकवला. तिला ओशाळल्यासारखं झालं, कुणाच्या तरी घरी जाऊन परस्पर सामान हलवावं तसं. ती पर्स न काढताच त्याच्या समोरच्या स्टुलावर बसली.

"शनिवारी फोन आला होता?"

"हो," तो म्हणाला. त्यानं आठवायला वेळही घेतला नाही.

"वॉचमनचा."

"हो. खोली तापलीय म्हणत होता."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

तो खरोखरच विचार करत होता. कपाळावर आठी घालून, पूर्वी एखादा जिना नकाशात बसत नसला की तो जसा बसायचा तसा. "तू आत होतीस," तो म्हणाला. "भांडी लावत होतीस, आवाज येत होता. मला उठून आत यायचं होतं."

"मग?"

"तेच. मी उठायचं ठरवत होतो." तो थांबला. "बराच वेळ ठरवत होतो. मग तूच बाहेर आलीस आणि म्हणालीस, चहा टाकू का? मी हो म्हटलं."

"तेव्हा सांगायचंस!"

"तेव्हा आधी उशीर का झाला ते सांगावं लागलं असतं. ते मला आलं नसतं सांगता." त्यानं आपल्या तळव्यांकडे पाहिलं. "नंतर मला वाटायला लागलं की मी सांगितलंय. तू गप्प होतीस, मला वाटलं, रागावून गप्प आहे."

ती शनिवारी गप्प नव्हती. ती शनिवारभर बोलत होती. नणंदेच्या मुलीच्या परीक्षेबद्दल, गळक्या नळाबद्दल, खारीच्या झाडांबद्दलसुद्धा. चहा पिता पिता तिनं त्याला सांगितलं होतं की शेंगा धरायला लागल्यात, पोरगी एवढी खुशीत आहे. आणि तो मान डोलावत ऐकत होता, आणि तेव्हा ती खोली तापत होती. "झाड मरतं तेव्हा निदान पानं गळतात," ती म्हणाली. "कळतं तरी." बोलल्यावर ते शब्द खोलीत राहिले. तिला ते परत घ्यावेसे वाटले आणि घ्यावेसे वाटलेही नाहीत.

तो रागावला नाही. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. "किती गेली?" त्यानं विचारलं.

"सगळीच जातील बहुतेक."

"त्या पोरीची?"

"त्या पोरीची."

त्यानं मान हलवली, परगावच्या हवामानाची बातमी ऐकावी तशी, आणि मग त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. चेहरा हलला नाही, श्वास बदलला नाही. नुसतं पाणी येत राहिलं, आणि आपल्याला काय होतंय हे त्यालाही ठाऊक नसावं असा तो समोर बघत राहिला. तिनं लग्नानंतर त्याला दोनदा रडताना पाहिलं होतं. त्या दोन्ही वेळचं रडणं माणसाचं होतं, नाक शिंकरणारं, शिव्या देणारं. हे तसं नव्हतं. ती उठली, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा सदऱ्याच्या आत बराच आत होता. केव्हा एवढा वाळला हा? रोज शेजारी झोपतो.

तिनं आतल्या खोलीत जाऊन नणंदेला फोन लावला. काय विचारायचं ते ठरलं नव्हतं, म्हणून तिनं सगळंच सांगून टाकलं. नणंद बोलघेवडी बाई, पण ऐकता ऐकता तिचा आवाज उतरला. "वहिनी, बाबांचं असंच होतं गं," ती म्हणाली. "शेवटी शेवटी नुसते बसून असायचे. आम्ही पाहुण्यांना सांगायचो, बाबा विचार करतायत. आई तर म्हणायची, ऋषी झालेत." ती हसायला गेली. "दादाला सगळं आठवत असणार. त्यालाच बसवायचो आम्ही बाबांजवळ. दादा, तू बस, तू शांत आहेस. त्याला तू डॉक्टरला दाखव. उद्याच दाखव."

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत पोचली तेव्हा खार आधीच आली होती. मंद केलेल्या दिव्यांखाली, स्टुलावर, पाठ वाकवून बसली होती. काही पानांवर कागदासारखे पांढरे डाग उमटले होते. कडा आत वळायला लागल्या होत्या. आता हिरवेपणाही चालला होता, उशिरा, सगळं आटोपल्यावर. तिनं दार लावून घेतलं. घरघर चालू होती. तिनं रात्रभर तीन-चार तऱ्हेनं हे मनात मांडून पाहिलं होतं. भोंग्यात बिघाड, वॉचमनची चूक, माझा बंद मोबाइल. शेवटचं तर खोटंही नव्हतं.

"वॉचमननं शनिवारी माझ्या घरी फोन केला होता," ती म्हणाली. "यांनी घेतला. मला सांगितलं नाही."

खारीनं वर पाहिलं. "सरांनी?"

"हो."

"विसरले?"

"नाही. उठता आलं नाही म्हणाले."

खोलीतल्या त्या मंद केलेल्या उजेडात पोरीचा चेहरा वयानं मोठा झाल्यासारखा वाटला. तिनं पुन्हा पानांकडे पाहिलं. मग म्हणाली, "मागे मी घरी आले होते ना पुस्तकं न्यायला. सरांनी मला विचारलं, कुठवर आलं काम? मी सांगितलं. थोड्या वेळानं परत तेच विचारलं, त्याच शब्दांत. मी परत सांगितलं. तेव्हा ते माझ्याकडे बघत होते पण..." तिनं हात हवेत हलवला. "मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. तुमच्या घरातलंच आहे, मी कशाला बोलू."

"मला माहीत नव्हतं."

"हं," खार म्हणाली. तिनं एक डागाळलेलं पान देठाशी खुडलं आणि ते बोटांत फिरवत राहिली. "मला तुमचा राग आलाय, मॅडम. सरांचा यायला हवा खरं तर. पण त्यांचा आणता येत नाही, म्हणून तुमचाच आलाय सगळा."

"असू दे."

"जाणार नाही तो लवकर."

"असू दे," ती पुन्हा म्हणाली. इतक्या वर्षांत विद्यार्थ्यांना धीर द्यायची तिची वाक्यं ठरून गेली होती आणि त्यातलं एकही इथे लागू पडेना. दोघी मिळून मग कुंड्या वेगळ्या करायला लागल्या. ज्यांची खोडं मऊ पडली होती ती एकीकडे, ज्यांच्याबद्दल अजून सांगता येत नव्हतं ती दुसरीकडे. हातमोजे घालून दोघी काम करत राहिल्या, आणि शेजारी शेजारी असून एकमेकींच्या हाताला हात लागू नये याची दोघींनीही काळजी घेतली.

पुढे त्या झाडांचं व्हायचं ते झालं. बहुतेक सगळी वाळली आणि जाळायच्या पिशव्यांत गेली. सावलीतल्या थोड्यांनी बुडापाशी नवी पानं काढली, खुरटी, सुरकुतलेली. त्यांच्यात एन्झाइमाचं काम पुन्हा सुरू झालेलं यंत्रावर दिसलं, रडतखडत, पण शेंगा पोकळच राहिल्या. दुसऱ्या शहरातली संस्था थांबली नाही. तिनं तिथल्या प्रमुखाला फोन केला, आपल्या नावाचं वजन खर्च करून पाहिलं, त्यानं सौजन्यानं ऐकून घेतलं आणि जागा दुसऱ्याला दिली. खारीनं शीतकपाटातलं बी काढून पेरलं. ती पूर्वीसारखीच वेळेवर यायची, काम चोख करायची. फक्त आता ती मॅडमच्या खोलीचं दार वाजवल्याशिवाय आत येत नसे, आणि तिनं खाणं कुरतडायचं सोडलं होतं, की फक्त मॅडमसमोर सोडलं होतं, हे कळायला मार्ग नव्हता.

डॉक्टरकडे यायला त्यानं आढेवेढे घेतले नाहीत. चल म्हटल्यावर तो उठला, बूट घातले, आणि तिला एकाएकी वाटलं, आपण उगाच घाबरलो, हा तर नीट उठतो. दवाखाना एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होता. बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर समुद्राचं एक चित्र आणि कुणी कुणाकडे न बघणारी माणसं. ती सवयीनं नोंद करत होती मनाशी: खोलीचं तापमान, दिव्याचा प्रकार, खिडकीची दिशा. तो चित्राकडे बघत होता. "क्षितिज वाकडं आहे," तो हळूच म्हणाला. कितीतरी दिवसांत त्यानं न विचारता उच्चारलेलं हे पहिलं वाक्य होतं. ती त्या वाक्याला धरून बसली, तोंडात खडीसाखर धरावी तशी.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. केस पांढरे करून घेतले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटून गेलं. त्यांनी झोपेबद्दल विचारलं, भुकेबद्दल, घरातल्या आधीच्या माणसांबद्दल. तो उत्तरं देत होता, सावकाश, खरीखुरी. वडिलांजवळ आपल्याला बसवायचे हेही त्यानं सांगितलं. "त्यांच्याजवळ बसायचं म्हणजे काय करायचं ते मला कुणी सांगितलं नव्हतं," तो म्हणाला. "म्हणून मी पण तसाच बसायचो." हे त्यानं तिला कधी सांगितलं नव्हतं. तिनं कधी विचारलं होतं का?

"हे साधारण कधीपासून होतंय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आणि प्रश्न कुणाला आहे ते न ठरवता दोघांकडेही पाहिलं.

ती पुढे सरसावली. प्रश्नाला उत्तर द्यायची तिला सवय होती. "यांनी कचेरी सोडली तेव्हापासून," ती म्हणाली. "म्हणजे त्यानंतर काही दिवसांनी. आधी तसं काही नव्हतं. थकवा होता थोडा."

"नाही," तो म्हणाला. "त्याच्या आधी."

दोघी त्याच्याकडे वळल्या.

"आपण तलावावर गेलो होतो बघ," तो तिला म्हणाला. "नावेतून. नावाडी म्हणाला, बाई, तुम्ही घ्या वल्हं, आणि तू घेतलंस, आणि आपण तिथल्या तिथे गोल गोल फिरायला लागलो. काठावरची माणसं हसत होती. तू इतकी हसलीस की तुझा चष्मा पाण्यात पडता पडता राहिला." तो बोलताना तिचं मन आधीच तिकडे धावलं होतं. पाण्यावरचं ऊन, ओल्या लाकडाचा वास, भिजलेल्या बाह्या, आणि समोर हसून हसून पोट धरलेला तो. कंटाळवाण्या मीटिंगांमध्ये, आजारपणात, झोप येत नसली की ती तो दिवस काढून बघायची.

"मी पण हसत होतो," तो डॉक्टरीणबाईंना म्हणाला. "आणि हसताना मला दिसत होतं की हसतोय तो कुणी दुसराच. मी नाही. मी कुठेतरी मागे बसलोय आणि मला तिथून येता येत नाहीये. मला वाटलं, घरी गेल्यावर जाईल." त्यानं हात मांडीवर ठेवले. "तेव्हापासून."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि तिच्याकडे पाहिलं. आवाजात आरोप नव्हता, नुसती चौकशी होती. "तुम्हाला त्या दिवशी यांच्यात काही वेगळं जाणवलं होतं का?"

तो तिच्याकडे बघत होता. उत्तराची त्यालाही उत्सुकता असावी.

"नाही," ती म्हणाली. "मला तो दिवस फार छान गेला."